पांढरी सहा

राजुऱ्यात आमच्या मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपली की भजनाला माणसं जमेपर्यंत अर्धा-पाऊण तास पेटी मोकळी असायची. तेवढा वेळ ती शिकणाऱ्यांची. एकदा त्या वेळात आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिच्या घरी छोटा कीबोर्ड होता. मोबाईलवरचे धडे पाहून ती शिकत होती आणि मेजर स्केल झाल्यावर अडली होती. वहीत तिनं तीन ओळी उतरवून आणल्या होत्या: नॅचरल मायनर, हार्मोनिक मायनर, मेलॉडिक मायनर. प्रत्येक नावाखाली इंग्रजी अक्षरांची रांग.

‘काका, हे लय कठीण आहे का?’

पेटीवाल्या काकांनी वही हातात घेतली नाही. ‘काहून घाबरतेस? पांढरी सहावर सा धर न् नुसत्या पांढऱ्या दाबत जा.’

तिनं तसं केलं. आठ पट्ट्या वर, आठ खाली. वहीतली पहिली ओळ वाजून झाली होती. कोपऱ्यात टाळ पुसत बसलेला एक जण म्हणाला, ‘ही तर आसावरी.’ या प्रकरणाचा निम्मा विषय त्या दोन वाक्यांत आला आहे. उरलेला निम्मा असा की मुलीचं त्यानं समाधान झालं नाही, आणि तिचं बरोबर होतं.

पट्ट्यांची ही नावं ज्यांच्या कानावरून गेली नसतील त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पेटीच्या एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या असतात. काळ्या एकदा दोनच्या आणि एकदा तीनच्या गटात बसवलेल्या असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडे जी पांढरी असते ती पांढरी एक. तिथून उजवीकडे मोजत पांढरी सातपर्यंत जायचं. काळ्याही तशाच एक ते पाच. इंग्रजी पुस्तकातली ‘सी’ ती आपली पांढरी एक, आणि ‘ए’ ती पांढरी सहा. गाणारा ‘माझी काळी एक’ म्हणतो तेव्हा त्याचा सा काळी एकवर आहे, एवढंच तो सांगत असतो. सप्तकातल्या बाराही पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या मिळून, एकमेकींपासून सारख्या अंतरावर लावलेल्या असतात. शेजारच्या दोहोंतलं अंतर अर्धा स्वर, आणि मध्ये एक पट्टी सोडून पुढे गेलं की पूर्ण स्वर. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही. सात आणि वरच्या सप्तकातली एक यांच्यामध्येही नाही. त्या दोन जागी पांढऱ्या अर्ध्या स्वरावर आहेत आणि इतर सगळीकडे पूर्ण स्वरावर.

आता पांढरी एकपासून पांढऱ्या वाजवल्या तर अंतरांची रांग अशी येते: पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धा. हा बिलावल थाट, आणि हाच मेजर. त्याच पट्ट्या पांढरी सहापासून वाजवल्या की रांग बदलते: पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण. गंधार, धैवत आणि निषाद हे तीन स्वर अर्ध्या स्वरानं खाली आले. तिघे कोमल, बाकीचे शुद्ध. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली, त्यात या स्वरांच्या थाटाला आसावरी हे नाव आहे. युरोपात याच रांगेला नॅचरल मायनर म्हणतात.

ही युक्ती इथेच संपत नाही. पांढरी दोनला सा मानलं तर पांढऱ्या पट्ट्यांवर काफी निघतो, तीनला मानलं तर भैरवी, चारला मानलं तर कल्याण, पाचला मानलं तर खमाज. दहापैकी सहा थाट एकही काळी न दाबता हाताखाली येतात. फक्त पांढरी सातपासून काही जमत नाही, कारण तिथून शुद्ध पंचम सापडत नाही आणि पंचमाशिवाय भातखंड्यांचा थाट उभा राहत नाही. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, पांढऱ्यांवर बसत नाहीत. स्वर तेच ठेवून सा सरकवण्याच्या या कल्पनेला आपल्या जुन्या ग्रंथांत मूर्च्छना हा शब्द आहे. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. राजुऱ्याच्या त्या मुलीला इंग्रजी अक्षरं उतरवून घ्यावी लागली याचं मला म्हणूनच वाईट वाटतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच भाषेत शंभर वर्षांपासून छापलेलं आहे.

पण तिचं समाधान का झालं नाही? दोनदा वाजवून ती म्हणाली, ‘काका, हे तर मला पांढरी एकचंच वाटते. नुसतं दुसरीकडून सुरू केल्यासारखं.’

इतकं नेमकं निरीक्षण मी मोठ्या विद्यार्थ्यांकडूनही फार वेळा ऐकलेलं नाही. मायनर शिकताना खरी अडचण बोटांची नसते. बिलावल कानात इतका मुरलेला असतो की पांढऱ्या पट्ट्या वाजू लागल्या की कान आपोआप पांढरी एकला घर मानतो. पांढरी सहापासून निघालेली मुलगी तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे पांढरी एकवर पोचली की कान म्हणतो, आलं घर. पुढचं सगळं मग त्याला बिलावलाचा तुकडा वाटतो. पाश्चात्त्य पुस्तकात या नात्याला रिलेटिव्ह मायनर असं नाव आहे: सी मेजर आणि ए मायनर यांच्या पट्ट्या त्याच, घर वेगळं. नाव पाठ होतं, पण नाव पाठ झालं म्हणून घर बदलत नाही.

आपल्याकडे यावर उपाय शेकडो वर्षांपासून आहे. त्याचं नाव तंबोरा. काकांनी मोबाईलवरचा तानपुरा लावला, त्याचा सा पांढरी सहाला मिळवला, आणि मुलीला तेच पुन्हा वाजवायला सांगितलं. या वेळी तिचा हात तिसऱ्या पट्टीवर थांबला. तीच पांढरी एक, पण आता ती घर वाटत नव्हती. खालच्या सा-पाच्या गुंजनावर ती कोमल गंधार झाली होती. मुलीच्या चेहऱ्यावर ते दिसलं. ज्याला मायनर स्केल शिकायची आहे त्यानं आधी महिनाभर एवढंच करावं असं माझं ठाम मत आहे. सा धरून ठेवायचा, आणि त्याच सात पट्ट्या एकदा पांढरी एकच्या, एकदा पांढरी सहाच्या, एकदा पांढरी दोनच्या सुरावर ऐकायच्या. तानपुरा नसेल तर पेटीचा आधाराचा सूर उघडावा, तोही नसेल तर डाव्या बाजूची एक पट्टी दाबून ठेवायला शेजारच्याला सांगावं. भजनी मंडळात शेजारी कोणी ना कोणी बसलेलं असतंच.

आता वहीतल्या तीन ओळींकडे वळू. मायनर एकच का नाही, तीन का, हा प्रश्न पुस्तकं घाईनं उरकतात आणि शिकणारा तिन्ही ओळी पाठ करत बसतो. पेटीवर मात्र याचा उलगडा फार सोपा आहे. सप्तकाचे दोन भाग करा. सा रे ग म हे पूर्वांग, प ध नि सां हे उत्तरांग. तिन्ही मायनरांचं पूर्वांग एकच आहे: सा, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध म. हे काफीचं पूर्वांग आहे. जे काही बदलतं ते उत्तरांगात. नॅचरल मायनरचं उत्तरांग भैरवीचं आहे, ध आणि नि दोन्ही कोमल. हार्मोनिकचं उत्तरांग भैरवाचं, ध कोमल पण नि शुद्ध. मेलॉडिकचं, चढताना, बिलावलाचं, दोन्ही शुद्ध. खाली काफी तशीच ठेवायची आणि वरती भैरवी, भैरव किंवा बिलावल बसवायचा. या चार गोष्टी ज्याच्या बोटांत आहेत त्याच्या बोटांत तिन्ही मायनर आधीच आहेत, फक्त त्यांची जोडणी व्हायची आहे. पांढरी सहावरून पाहा: नॅचरलमध्ये सगळ्या पांढऱ्या. हार्मोनिकसाठी पांढरी पाचच्या जागी काळी चार. मेलॉडिकसाठी त्याशिवाय पांढरी चारच्या जागी काळी तीन, आणि उतरताना पुन्हा सगळ्या पांढऱ्या.

युरोपला हे तीन प्रकार का लागले, याचं कारण त्यांच्या संगीताच्या बांधणीत आहे. तिथे एका वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात, आणि पंचमावरच्या स्वरसमूहातून षड्जावर परत येणं हे त्या संगीतातलं मोठं वळण. शुद्ध निषाद सापासून अर्ध्या स्वरावर असतो, म्हणून तो सांकडे ओढून नेतो. कोमल निषाद पूर्ण स्वर दूर, त्याची ओढ तेवढी नसते. म्हणून त्यांनी निषाद शुद्ध केला. पण मग कोमल ध आणि शुद्ध नि यांच्यात तीन अर्ध्या स्वरांची दरी पडली, जी गाणाऱ्यांना अवघड गेली. ती बुजवायला चढताना धैवतही शुद्ध केला. उतरताना साकडे ओढण्याची गरज नाही, म्हणून दोघे परत कोमल. आरोहात एक निषाद आणि अवरोहात दुसरा ही गोष्ट आपल्याला मुळीच परकी नाही. देस रागात चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल, हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही गातो.

आणि ती तीन अर्ध्या स्वरांची दरी? ज्या कानांनी पहाटे भैरव ऐकला आहे त्यांना तिची भीती वाटायचं कारण नाही. भैरवात ती दोनदा येते, कोमल रे ते शुद्ध ग आणि कोमल ध ते शुद्ध नि. कर्नाटक पद्धतीत तर मुलांना पहिला धडाच मायामाळवगौळ रागाचा देतात, म्हणजे आपल्या भैरव थाटाच्या स्वरांचा. युरोपातल्या पोराला जे अंतर अवघड म्हणून उशिरा शिकवतात, त्यानं दक्षिणेतलं पोर सुरुवात करतं.

दक्षिण राजुऱ्यापासून फार लांब नाही. वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर आणि रेल्वे, आणि उलट दिशेला निघालं की रस्ता आसिफाबादला जातो. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, आणि राजुरा चांदा जिल्ह्यात आलं ते १९५९मध्ये. बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू आणि गोंडी ऐकू येतात, आणि तेलुगू सिनेमाची गाणी तर घराघरांत. हे सांगण्याचं कारण, हार्मोनिक मायनरचे नेमके सात स्वर ज्या रागाचे आहेत तो किरवाणी दक्षिणेतून आपल्याकडे आला. भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही, कारण शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध आणि शुद्ध नि असा मेळ त्या दहांत नाहीच. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळकर्त्यांत मात्र तो एकविसावा आहे. त्याच्या अलीकडचा विसावा नटभैरवी, म्हणजे नॅचरल मायनर. बाविसावा खरहरप्रिया, म्हणजे आपला काफी. तेविसावा गौरीमनोहरी, म्हणजे मेलॉडिक मायनरचा आरोह. व्यंकटमखीनं सतराव्या शतकात बहात्तर मेळांचा हिशेब मांडला तेव्हा त्याच्यापुढे युरोपची पुस्तकं नव्हती. पूर्वांग तेच ठेवायचं आणि उत्तरांगाच्या सगळ्या शक्यता क्रमानं घ्यायच्या, हा गणिती विचार त्याच्याकडे होता, आणि त्या क्रमात हे चौघे शेजारी-शेजारी आले. २०२३मध्ये ज्यांना ऑस्कर मिळालं त्या संगीतकार एम. एम. कीरवाणी यांच्या नावातच हा राग आहे. हार्मोनिक मायनर हे नाव राजुऱ्यात कोणाला ठाऊक नसेल, पण त्याचे सूर इथल्या टपरीवर रोज वाजतात.

मेलॉडिक मायनरसाठी तर महाराष्ट्राबाहेर जायचीही गरज नाही. दीनानाथ मंगेशकरांनी गाजवलेलं पटदीपातलं एक पद आजही नाट्यसंगीताच्या बैठकीत मागून घेतलं जातं. पटदीपात गंधार तेवढा कोमल, बाकीचे सगळे स्वर शुद्ध. मेलॉडिक मायनरच्या आरोहाचे हेच सात स्वर. पण इथे थांबून एक खूण नीट लक्षात ठेवायला हवी. स्वर तेच म्हणून वस्तू तीच होत नाही. पटदीप चढताना रे आणि ध वगळतो, आणि उतरताना निषाद शुद्धच ठेवतो. मेलॉडिक मायनर चढताना सगळे स्वर घेते आणि उतरताना नि-ध कोमल करते. स्केल म्हणजे स्वरांची शिडी, आणि राग म्हणजे त्या शिडीवरची चाल. दरबारी, अडाणा, जौनपुरी हे तिघेही आसावरी थाटातले, म्हणजे नॅचरल मायनरच्याच शिडीवरचे. तिघांत गल्लत करणारा गवई पहिल्या पाच मिनिटांत पकडला जातो. म्हणून ‘आसावरी म्हणजे मायनर’ हे टाळ पुसणाऱ्याचं वाक्य शिकायला उपयोगी आहे, पण तिथेच थांबलं तर चुकीचं आहे. थाट म्हणायचं तर बरोबर, राग म्हणायचं तर नाही. आसावरी रागात चढताना ग आणि नि येतच नाहीत.

‘मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख’ असं त्या मोबाईलवरच्या धड्यात सांगितलेलं होतं. मुलीनं ते वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. ते मला पटत नाही. होळीची गाणी पिढ्यानपिढ्या काफीत गायली गेली आहेत, आणि काफीचा गंधार कोमल आहे. भैरवीत तर रे, ग, ध, नि चारही कोमल, तरी आपण भजन असो, कीर्तन असो, मैफल असो, शेवट तिच्यावर करतो, आणि लोक भरल्या मनानं घरी जातात. त्या भरल्या मनाला दुःख म्हणता येईल का? नाट्यशास्त्रातल्या षड्जग्रामाचे स्वर आजच्या कानाला काफीच्या जवळचे वाटतात. म्हणजे एके काळी आपली शुद्ध सप्तकाची पायाभूत शिडीच कोमल गंधाराची होती. १८१३च्या ‘नगमाते आसफी’ या ग्रंथात पाटण्याच्या मुहम्मद रझांनी बिलावलाला शुद्ध सप्तक मानलं, आणि आज आपण सा रे ग म म्हणतो ते त्या वळणानं. कोमल गंधार स्वभावानं रडका असता तर आपल्या पूर्वजांनी तो पाया म्हणून घेतला नसता.

पण युरोपीय म्हणण्यात काहीच तथ्य नाही असंही नाही. इंग्रजी बोलणाऱ्या अभिनेत्रींचं बोलणं मोजून केलेला एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. दुःखी सुरात म्हटलेल्या शब्दांत आवाज पुष्कळदा सा आणि कोमल गंधार यांच्यातल्या अंतराएवढा खाली येतो असं त्यात आढळलं. झाडीपट्टीत वडसा भागातल्या नाटकांतही, दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणाऱ्या त्या प्रयोगांत, आईचा मुलाशी ताटातुटीचा प्रवेश आला की ऑर्गनवाल्याची बोटं बहुधा कोमल स्वरांकडेच वळतात. एवढंच की तीच बोटं तासाभरानं विनोदी प्रवेशात लावणीच्या चालीवर पुन्हा त्याच कोमल गंधारावरून धावतात. लय बदललेली असते, ढोलकी आलेली असते, आणि प्रेक्षक शिट्ट्या मारत असतात.

मग कोमल गंधारात असं काय आहे ज्यामुळे तो ताणलेला, ओढ लावणारा वाटतो? याचं एक कारण तंबोऱ्याच्या तारेत आहे. तार छेडली की ती एकाच सुरात वाजत नाही. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक सूरही तिच्यातून उठतात. पाचपटीचा सूर हा शुद्ध गंधार असतो, दोन सप्तकं वर. नीट मिळवलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा ‘स्वयंभू गंधार’ तो हाच. म्हणजे सा वाजला की त्याच्या पोटात शुद्ध गंधार आधीच असतो. आपण वरून कोमल गंधार लावतो तेव्हा या लपलेल्या गंधाराशी त्याचं घासणं होतं. युरोपातल्या जुन्या रचनाकारांना ते इतकं जाणवत असे की मायनरमधल्या रचनेचा शेवटचा स्वरसमूह ते पुष्कळदा मेजरचा ठेवत. त्याला पिकार्डी थर्ड म्हणतात. आपण तसं करत नाही. तंबोरा वाजत राहतो, घासणं चालू राहतं, आणि त्यातच रस आहे असं आपण मानतो.

पेटीवर या गंधाराची आणखी एक अडचण आहे. आपली पाठ्यपुस्तकं सोयीसाठी सा सेकंदाला २४० कंपनांचा धरतात, तोच घेऊ. कानाला चोख लागणारा कोमल गंधार साच्या सहापंचमांश असतो, म्हणजे २८८. शुद्ध गंधार पाचचतुर्थांश, म्हणजे ३००. पेटीच्या बारा पट्ट्या मात्र सारख्या अंतरावर लावतात, म्हणजे प्रत्येक पट्टी मागचीच्या सुमारे १.०५९५ पट. त्या हिशेबानं पेटीचा कोमल गंधार येतो २८५.४ आणि शुद्ध ३०२.४. पंचम ३५९.६, म्हणजे चोख ३६०च्या अगदी जवळ, तिथे तक्रार नाही. गंधारांत मात्र कोमल अडीच कंपनांनी उतरलेला आणि शुद्ध तितकाच चढलेला. हा तोटा पत्करल्यामुळे एक फायदा मिळतो. कुठल्याही पट्टीवर सा धरला तरी सगळं सारखंच वाजतं. पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबाँ यानं १८४२मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ती हातभात्याची आणि मांडी घालून वाजवण्याजोगी केली, आणि मग ती गावोगाव पोचली. १९४०मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली ती याच स्वरांच्या आणि मींड निघत नाही या तक्रारीवरून, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर निघत नाही हे खरंच आहे. पण त्या तीस वर्षांत राजुऱ्यासारख्या गावांत तंबोरा कुठे होता? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि ही पेटी, एवढ्या दोन वाद्यांवर इथल्या दोन पिढ्यांच्या कानांना सूर-ताल कळले. ज्या वाद्यानं सा दिला त्याला उणं लेखायला मी तयार नाही. त्याचा गंधार कुठे कमी पडतो हे शिकणाऱ्याला सांगितलं म्हणजे झालं.

आता बोटं. पेटी उजवा हातच वाजवतो, डावा भात्यावर असतो. पांढरी सहावर सा असेल तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट अशी सा रे ग वाजवायची. मग मधल्या बोटाखालून अंगठा सरकवून म वर न्यायचा, पुढे तर्जनी प वर, मधलं ध वर, अनामिका नि वर, करंगळी सां वर. हे अंगठा सरकवणं ज्याला जमलं त्याला सप्तकाची लांबी जाणवत नाही. सुरुवातीला अंगठा सरकताना म जोरात वाजतो. तसं झालं तर वेग कमी करावा, जोर लावू नये. भात्याचा दाब सारखा राहणं हेही याच सरावातलं. पुष्कळांचं लक्ष बोटांत गुंततं आणि डावा हात धक्के देऊ लागतो.

पण पांढरी सहावर कोणी फारसं गात नाही. आमच्या मंडळातल्या मुख्य बुवांची पट्टी काळी एक. मुलीला साथ करायची तर तिथे यावं लागणार होतं. काळी एकवर नॅचरल मायनर अशी: काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक. दिसायला भीतिदायक, पण हाताला पांढऱ्यांपेक्षा सोपी. काळ्या पट्ट्या उंच असल्यानं लांब बोटं त्यांवर आपोआप बसतात आणि अंगठ्याला खाली सरकायला जागा राहते. सा तर्जनीनं, रे मधल्या बोटानं, ग अंगठ्यानं. मग पुन्हा तर्जनी, मधलं, आणि ध वर अंगठा. शेवटी तर्जनी नि वर, मधलं सां वर. अंगठा फक्त पांढरी तीन आणि पांढरी सहा यांवर येतो. काळी दोनवर तर एका सप्तकात पांढऱ्या दोनच लागतात, चार आणि सात, आणि अंगठा त्या दोन्हींवर. बाखनं १७२२च्या आपल्या संग्रहात बाराही मायनरांमध्ये रचना केल्या. भजनाला बसणाऱ्याला तीन पट्ट्या पुरतात: स्वतःच्या गळ्याची, मुख्य गाणाऱ्याची, आणि बायकांचं भजन असेल तर काळी चार किंवा पाचच्या आसपासची. स्केलचेंजर पेटीवर पाटी सरकवून हे टाळता येतं, कीबोर्डवर तर एक बटण दाबलं की झालं. माझा त्याला विरोध नाही, पण पहिली दोन वर्षं नको. बटणानं पट्टी बदलते, कानाला मात्र त्याचा पत्ता लागत नाही.

मुलीनं ते केलं. तीन-चार आठवड्यांत ती काळी एकवर तिन्ही मायनर चढू-उतरू लागली, हार्मोनिकच्या दरीवर अडखळणं थांबलं. एका संध्याकाळी तिनं वाजवून संपवलं तेव्हा काकांनी भाता बंद करून कडी लावली आणि मोबाईलवरचा तानपुरा तेवढा चालू ठेवला.

‘आता गंधार गळ्यानं लाव.’

पहिल्यांदा तिचा आवाज पेटीच्या आठवणीवर, किंचित खाली लागला. ती थांबली, तानपुरा ऐकला, पुन्हा लावला. या खेपेला गंधार केसभर वर गेला आणि तिथेच तानपुऱ्याशी जुळून स्थिर झाला. टाळ पुसणाऱ्याचा हात थांबला. काकांनी कडी काढली नाही. भजनाला माणसं जमू लागली होती, पण ती दाराशीच उभी राहिली.